नाव लिहिणाऱ्याचा धर्म

आटपाडीच्या किंवा माणच्या एखाद्या वाडीत, मतदार-यादीच्या पुनरीक्षणाच्या दिवसांत, गावचीच चार मुले नावनोंदणीच्या नमुना 6चे कोरे अर्ज घेऊन दारोदार हिंडू लागली, की एखाद्या वृद्धेपाशी त्यांना थबकावे लागते. कारण पतीचे नाव विचारताच ती पदर तोंडाशी नेऊन शेजारणीकडे पाहते आणि ते नाव अखेर शेजारीणच उच्चारते. अशा वेळी मला 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे स्मरण होते. त्या वेळी, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढीच ओळख दिली, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी अमान्य ठरविल्यामुळे सुमारे 28 लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण तत्त्वाला धरून होता. उणीव होती ती दाराशी बसून पुन्हा एकदा, मायेने, नाव विचारणाऱ्या माणसाची.

अशीच पंचाईत बंद घरांपाशी होते. खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला सोने-चांदी गाळण्यासाठी दूर दक्षिणेत जातो आणि घराला कुलूप लागते. मतदार-याद्यांचा 1950चा कायदा म्हणतो की केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता परगावी गेला म्हणून रहिवास संपतही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कित्येक संसार उभे आहेत. कचेरीला कुलूप दिसते. माणूस परतणारा आहे की तिकडेच स्थिरावला, हे शेजारच्या पोराला ठाऊक असते, आणि तो स्थिरावला असेल तर त्याचे नाव तिकडेच नोंदले पाहिजे, हे स्नेह बाजूस ठेवून सांगणे हेही त्या पोराचेच कर्तव्य.

वेदान्त नामरूपाला मिथ्या म्हणतो आणि वारकरी नामालाच सर्वस्व मानतो. यादीपुढे बसलेल्या तरुणाला या वादाचा निर्णय करावा लागत नाही, परंतु 1917च्या सुमारास ज्या वाईत विनोबांनी नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्ताचे अध्ययन केले, त्याच मुलखातला हा तरुण विनोबांनी पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विवरलेल्या कर्मफलत्यागाच्या फार जवळ येऊन उभा असतो. मत गुप्त आहे. ज्याचे नाव आपण लिहिले तो कोणाला कौल देणार, हे लिहिणाऱ्याला कायद्यानेच कळू नये अशी तजवीज आहे. फळ नजरेआड ठेवणारे असे दुसरे सार्वजनिक कर्म मला आठवत नाही. म्हणूनच जो आपल्याच भावकीची नावे घालतो तो व्यापार करतो, आणि जो विरुद्ध पक्षाच्या जिवंत माणसाचे नाव वगळावे म्हणून नमुना 7ची खोटी हरकत घेतो तो, माझ्या मते, चोराहून हीन. कारण चोर निदान माणूस शिल्लक ठेवतो.

मतदानाच्या दिवशी ती वृद्धा काठी टेकीत शाळेच्या पायऱ्या चढते, स्वतःच्या नावाची चिठ्ठी पुढे करते आणि आडोशामागे जाते. अर्ज लिहिणारा मुलगा आवाराबाहेर, लिंबाच्या सावलीत, तिला घरी पोचविण्यासाठी थांबलेला असतो.