स्वस्त उजेडाचा विवेक

काटकसर हा सद्गुण आहे, ही गोष्ट आमच्या मध्यमवर्गास नव्यानें शिकविण्याची आवश्यकता नाहीं. परंतु काटकसर करतांना आपण काय वाचवितों, आणि तें कोणाच्या वांट्याचें वाचवितों, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो प्रश्न ज्या एका क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूच्या निमित्तानें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे, ती वस्तु म्हणजे लहान गांवच्या रंगमंचावरील दिवा होय.

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या तळोद्यासारख्या गांवीं रंगमंच म्हणजे बहुधा शाळेचें सभागृह, मंगल कार्यालय, नाहीं तर गणेशोत्सवाचा मांडव. त्यावर स्नेहसंमेलनाचीं नाटुकलीं होतात, एखादी एकांकिका होते, आदिवासी मुलामुलींचीं नृत्यें होतात. वर्गणी जमते ती बेताची; मांडव, ध्वनिक्षेपक आणि चहापाणी यांतून जें उरेल तें दिव्यांच्या वांट्यास येतें. अशा स्थितींत, 'आमच्या एवढ्याशा जागेला कसलाही दिवा चालेल,' हें वाक्य सहज तोंडीं येतें. आणि आमचा आक्षेप नेमका या वाक्यासच आहे.

जागा लहान असणें हें उणेपण आहे काय? नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहांचीं मापें सांगतांना भरतमुनींनीं मनुष्यांकरितां 64 हात लांब व 32 हात रुंद असें मध्यम गृहच इष्ट ठरविलें आहे. फार मोठ्या गृहांत शब्द अस्पष्ट होतात आणि नटाच्या मुद्रेवरील भाव दिसेनासा होतो, हें त्याचें कारण. म्हणजे शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासही नटाचे डोळे दिसावे, हें लहान गृहाचें वैभव होय. जो दिवा हें वैभव वाढवितो तो तेथें योग्य, आणि जो तें झांकतो तो कितीही स्वस्त असला तरी महाग.

विज्ञानानें या कामीं मोठें साह्य केलें आहे, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. 1881 सालीं लंडनच्या सॅव्हॉय रंगगृहांत विजेचा उजेड आला; पण तापलेल्या तारेच्या दिव्यांत बहुतेक वीज उष्णतेंतच खर्ची पडते. पुढें शुजी नाकामुरा यांनीं 1993 सालीं तेजस्वी निळा एल.ई.डी. जगापुढें ठेविला, त्यामुळें पांढरा एल.ई.डी. शक्य झाला, आणि 2014 सालीं आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. याचें फळ साध्या हिशेबानें दिसतें. 230 व्होल्टच्या 16 अँपिअर जोडणीवर 3680 वॅटपलीकडे भार घालतां येत नाहीं. म्हणजे हजार वॅटचे जुने दिवे फार तर तीन. त्याच जोडणीवर दोनशें वॅटचे एल.ई.डी. दिवे अठरा चालतील. ज्या शाळेस विजेची निराळी जोडणी परवडत नाहीं, तिला हें वरदानच आहे.

परंतु वरदानाबरोबर मोहही आला. तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग एका डब्यांत घालून हवा तो रंग काढणारे, संगीताच्या ठेक्यावर लुकलुकणारे दिवे बाजारांत स्वस्त मिळतात. तेवढ्याच पैशांत साधे, उबदार पांढरे चांगले दिवे थोडेच येतात. समिती पुष्कळांची निवड करते. मात्र तीन रंगांच्या मिश्रणानें जो पांढरा उजेड होतो, त्यांत मधल्या छटा तुटक असतात. भिंतीवर तो पांढराच दिसतो. पण मनुष्याच्या कांतीवर, विशेषतः सांवळ्या कांतीवर, पडला म्हणजे चेहरा राखाडी किंवा जांभळट होतो. डोंगरांतील पाड्यावरून शिकण्यास आलेली एखादी भिल्ल वा पावरा मुलगी जन्मांत प्रथमच रंगमंचावर उभी राहते, तिचे आईबाप समोर बसलेले असतात, आणि आमच्या स्वस्त दिव्यानें तिचें मुख प्रेतकळेचें केलेलें असतें. तिनें वर्गणी ठरविली नव्हती आणि दिवाही निवडला नव्हता. काटकसर मात्र तिच्या चेहऱ्यावर झाली.

येथें विक्रेता सी.आर.आय. नांवाचा अंक पुढें करील. हा अंक शंभरापैकीं असतो आणि तो नव्वदाच्या वर असावा, हें खरें. पण हा आठ फिक्या रंगांची सरासरी काढून केलेला आहे. गडद तांबड्याची परीक्षा त्यांत नसते, तिचा आर-9 हा अंक वेगळा विचारावा लागतो, आणि कांतीची जिवंतता तर त्या तांबड्यावरच पुष्कळ अवलंबून! सरासरी चांगली निघाली म्हणून प्रत्येकास न्याय मिळाला असें होत नाहीं, हें नीतिशास्त्राचें सूत्र दिव्यालाही लागू पडावें, हें मौजेचें आहे.

कोणी म्हणेल, खेड्यांतल्या प्रेक्षकांस रंगांची हौस असते. ती पुरवूं नये काय? अवश्य पुरवावी. रंग हें पाप नव्हे. नृत्यास मागून दोन रंगीत दिवे असावे. पण आधीं समोरून, दोन्ही बाजूंनीं, डोक्याच्या वरून तिरपे असे दोन उबदार पांढरे दिवे चेहऱ्यासाठीं घ्यावे, आणि उरेल त्यांत रंग. साधनें थोडीं म्हणून कला थोडी होत नाहीं. 1959 सालीं कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगगृहांत 'अंगार' नाटकांत तापस सेन यांनीं खाणींत पाणी चढत असल्याचा भास प्रकाशाच्या योजनेनें निर्माण केला होता.

दिवा घेतांना तो स्वतःच्या हातावर व सोबत्याच्या चेहऱ्यावर पाडून पाहावा. उजेड हळूहळू कमी करावा; तो गचके देत उतरला तर नाटकाच्या कामाचा नाहीं. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांत पट्टे सरकतांना दिसले तर चित्रण बिघडणार हें ओळखावें. आंतला पंखा घरघरत असेल, तर लहान सभागृहांत तो मुलांचे कोंवळे आवाज गिळील. आणि टांगलेल्या प्रत्येक दिव्यास जोडीची सुरक्षा-साखळी असावी. या एका खर्चांत कपात करण्याचा अधिकार कोणासच नाहीं.

स्वतःच्या डौलांतून जें वाचवितों ती काटकसर. दुसऱ्याच्या हक्कांतून जें वाचवितों तो कृपणपणा. दिवे आठांचे चार केल्यानें समितीचा डौल थोडा उणा होईल, आणि तसा तो व्हावाच. ज्यासाठीं पडदा उघडतो तो चेहरा मात्र, लेंकराचा असो कीं नटाचा, समोर बसलेल्या त्याच्या माणसांस ओळखूं आला पाहिजे.