उघडिपीतली नदी

उपग्रहाच्या चित्रात उल्हास नदी फार शहाणी दिसते. कर्जतकडून येते, बदलापूरजवळून वळणं घेत कल्याणकडे निघून जाते. काठ रेखीव. चित्र बहुधा मार्चातलं असतं.

सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी इथून जाते. जुलैत तिला ढगांच्या पाठी तेवढ्या दिसतात, आणि नदी पसरते ती नेमकी तेव्हाच. वर्षानुवर्षांची चित्रं एकावर एक ठेवून काठ किती सरकला ते मोजता येतं. पण मोजला जातो तो उघडिपीतला काठ.

ढगांआडचं पाहणारं रडारही आहे. शेतात साचलेलं पाणी त्यात काळंभोर उमटतं. इमारतींमधल्या गल्लीत शिरलेलं पाणी मात्र भिंतींच्या परावर्तनात हरवतं. माणसं राहतात तिथेच यंत्र चाचपडतं.

जलपर्णीची गंमत आणखी निराळी. अवरक्त प्रकाशात पाणी काळं, पान लख्ख. पात्रात जलपर्णी माजली की संगणक तिथे बिनदिक्कत जमीन नोंदवतो. भराव टाकणाऱ्यांनाही तसंच काही दिसत असावं.

लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा. वालधुनी नदी कित्येक ठिकाणी त्याहून अरुंद. शके ९८२चा लेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर हिच्याच काठी उभं आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा नाला केला. आता धड ठिपकाही तिच्या वाट्याला येत नाही.

देशाचा ३३.६ टक्के समुद्रकिनारा १९९० ते २०१८ या काळात झिजला, असा सरकारी अभ्यास आहे. त्याची बातमी होते. तिकडे समुद्र जमीन खातो. इकडे जमीन नदी खाते, डंपरा-डंपराने, आणि त्याला आपण विकास म्हणतो.

२७ जुलै २०१९. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या सकाळी नदीचा काठ रुळांच्या पलीकडे होता. नदीने स्वतः करून दिलेली मोजणी ती हीच.

बदलापुरात ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट बघत असाल तर ब्रोशरमधल्या नदीवर जाऊ नका. जलसंपदा विभागाच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारतीचा सर्व्हे नंबर या दोन्ही रेषांच्या आत की बाहेर, ते बिल्डरकडून लेखी घ्या; टोकन नंतर द्या.