सहायक प्रशिक्षकाचा हिशेब

२० जून १९९६ रोजी लॉर्ड्सवर सुरू झालेल्या कसोटीचा विषय निघाला की दोन आकडे लगेच तोंडावर येतात : सौरव गांगुलीच्या १३१ धावा आणि राहुल द्रविडच्या ९५. दोघांचंही ते पदार्पण. त्याच अकरा जणांत मुंबईचे मध्यमगती गोलंदाज पारस म्हांब्रे होते आणि त्या दिवशी त्यांचा चोविसावा वाढदिवस होता. ती त्यांची दुसरी कसोटी, आणि शेवटचीही. दोन कसोटींत दोन बळी, तीन एकदिवसीय सामन्यांत तीन. विक्रम राठोडही त्या संघात होते. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरपासून हे तिघं भारतीय ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा एकत्र दिसू लागले. द्रविड मुख्य प्रशिक्षक, राठोड फलंदाजीचे आणि म्हांब्रे गोलंदाजीचे.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये म्हांब्रे छोटे नव्हते. प्रथम श्रेणीत २८४ बळी आणि २००२-०३ चा रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईचं कर्णधारपद त्यांच्या नावावर आहे. पण मला बोलायचं आहे ते त्यांच्या दुसऱ्या डावाबद्दल. बंगाल, महाराष्ट्र, बडोदा, विदर्भ अशी त्यांची प्रशिक्षक म्हणून वारी झाली. बंगालने त्यांच्या काळात रणजीची अंतिम फेरी गाठली. मग भारताचा ‘अ’ संघ आणि एकोणीस वर्षांखालील संघ. २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये पृथ्वी शॉच्या संघाने युवा विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलंदाजीची बाजू त्यांच्याकडे होती. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत त्याच स्पर्धेत ते मुख्य प्रशिक्षक होते आणि संघ अंतिम सामन्यात बांगलादेशकडून हरला. त्यानंतर वरिष्ठ संघात ते आले ते पुन्हा सहायकाच्या खुर्चीवर.

आपल्याकडे याला ‘खाली उतरणं’ म्हणतात. उपमुख्याध्यापक म्हणजे अजून मुख्याध्यापक न झालेला आणि सहसंपादक म्हणजे संपादकपद हुकलेला, अशीच आपली समजूत. सहायक प्रशिक्षकालाही तोच प्रश्न : स्वतःचा संघ कधी? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गोलंदाजी शिकवणं हे एक पूर्ण काम आहे आणि त्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं काहीही हुकलेलं नसतं.

नेटमध्ये गोलंदाजीचा प्रशिक्षक उभा राहतो ती जागा बघा. बहुतेक वेळ तो पंचाच्या जागी, नाहीतर मिडऑफला असतो. चेंडू कुठे पडला हे सगळेच बघतात. त्याचं लक्ष पुढचा पाय कुठे पडतो, डोकं एका बाजूला झुकतं का, मनगट शिवणीच्या मागे राहतं का, यावर असतं. गुड लेंग्थवर एक प्लास्टिकचा कोन ठेवलेला असतो. बारा चेंडूंनंतर तो बोटभर सरकवायचा आणि पुन्हा बारा टाकायला लावायचे. यातलं काहीच टीव्हीवर दिसत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोलंबोत मोहम्मद सिराजने २१ धावांत ६ बळी घेऊन श्रीलंकेला ५० वर गुंडाळलं. दीड महिन्यात वानखेडेवर तोच संघ ५५ वर आटोपला, आणि तीनच दिवसांनी कोलकात्यात दक्षिण आफ्रिका ८३ वर. हे बळी सिराज, शमी, बुमराह आणि जडेजाचे. तसेच ते असायलाही हवेत. चेंडू टाकला त्यांनी, दुखापतीची भीती घेऊन धावले ते. पण असे तीन डाव लागोपाठ दिसतात तेव्हा त्यामागे कोणाची तरी आखणी असते एवढं कबूल करायला हरकत नाही.

ही आखणी काय असते ते २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात स्पष्ट दिसलं. तेव्हा गोलंदाजीचे प्रशिक्षक होते भरत अरुण. ऑस्ट्रेलियाचे स्मिथ आणि लबुशेन ऑफला धावा ओरपणारे. त्यांना ती जागाच द्यायची नाही, चेंडू यष्ट्यांवर ठेवायचा आणि लेगला क्षेत्ररक्षक पेरायचे, असं ठरलं. ब्रिस्बेनला पोचेपर्यंत निम्मा संघ जायबंदी होता. तरीही पालघरचा शार्दूल ठाकूर, नटराजन, वॉशिंग्टन सुंदर आणि सिराज यांनी ती मालिका राखली, कारण योजना माणसांपुरती नव्हती.

अरुण यांची नेमणूक झाली ती गोष्ट आम्हा नगरकरांच्या जिव्हाळ्याची. २०१७ च्या जुलैमध्ये तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीने गोलंदाजीसाठी श्रीरामपूरच्या झहीर खानचं नाव पुढे केलं होतं. ९२ कसोटी, ३११ बळी. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्रींना मात्र अरुण हवे होते : २ कसोटी, ४ बळी. आठवडाभरात अरुण आले. आमच्या जिल्ह्यात तेव्हा नाराजी होती, आणि मी काही तिच्याबाहेर नव्हतो. पुढची चार वर्षं पाहिल्यावर मात्र शास्त्रींचा निर्णय बिनचूक होता असंच म्हणावं लागतं. मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असं नाही. ज्याला स्वतःला सहज जमलं नाही, तो जमवण्याच्या वाटा जास्त शोधतो. द्रविडच्या काळात भारताच्या क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक असलेले टी. दिलीप यांचं उदाहरण त्याही पुढचं. ते प्रथम श्रेणीचा सामनाही खेळलेले नाहीत.

बिनीचं एकच नाव धरून ठेवण्याची खोड खेळापुरती नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं नाव काढलं की दुसरं नाव अण्णा हजारे यांचंच येतं, आणि ते योग्यही आहे. १९७५ मध्ये सैन्यातून परतून त्यांनी पाणी अडवण्याचं काम उभं केलं नसतं तर गाव आजच्यासारखं दिसलं नसतं. पण नाल्यांवर बांध घालायला, पाझर तलाव उभा करायला, चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी वर्षानुवर्षं पाळायला शेकडो माणसं लागली. श्रमदानाला रोज माणसं गोळा करणारा कोणीतरी होता. पाणी पुरवून वापरायचं म्हणून जास्त पाण्याचं पीक कोणी घ्यायचं नाही, हे शेजाऱ्याला बांधावर उभं राहून सांगणाराही कोणीतरी होता, आणि ते ऐकून घेणारा शेजारीही. पद्मश्री १९९० मध्ये एकालाच मिळते, पद्मभूषण १९९२ मध्ये एकालाच. पुरस्काराचा स्वभावच तसा. तोटा होतो तो पुढे : दुसऱ्या गावातले लोक राळेगण बघायला येतात, ‘आमच्याकडे अण्णा नाहीत’ म्हणतात आणि परत जातात. त्यांना खरं तर हवी असते ती दुसरी फळी. तिचं नावच ठाऊक नसल्यामुळे ते तिची चौकशीही करत नाहीत.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ही दुसरी फळी फार आधीपासून नावानिशी ओळखली जाते. त्यांच्या फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, त्यामुळे प्रशिक्षकही वेगळे. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात बड फॉस्टर यांनी १९८७ ते २०१९ अशी बत्तीस-तेहतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक बचावाचे प्रमुख म्हणून. मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर निवृत्त झाले, नवे आले, फॉस्टर तिथेच. मजुराचा पत्र्याचा जेवणाचा डबा ही त्यांच्या बचाव फळीची खूण होती. तो डबा मैदानावर घेऊन जाण्याचा मान खेळाडूला कमवावा लागे. १९९६ पासून अमेरिकेत फक्त सहायक प्रशिक्षकांसाठी ब्रॉइल्स पुरस्कार आहे आणि २००६ मध्ये तो फॉस्टरना मिळाला. क्लेमसनचे बचाव प्रमुख ब्रेंट व्हेनेबल्स यांना तर वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त पगार होता. म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं मानू नये. मुख्य प्रशिक्षकाला हाकललं की त्याच्याबरोबरची पलटणच्या पलटण बिऱ्हाड बांधते, मुलांच्या शाळा बदलतात, आणि खालच्या पायरीवरच्या सहायकाला वीस लाख डॉलर स्वप्नातही दिसत नाहीत. तरी कामाला नाव आहे, भाव आहे.

आपल्याकडे सहायकाचा भाव ठरतो तो वरच्याच्या सभ्यतेवर. २०१८ च्या युवा विश्वचषकानंतर भारतीय क्रिकेट मंडळाने द्रविडना ५० लाख आणि सहकारी प्रशिक्षकांना २० लाख जाहीर केले. द्रविडनी हरकत घेतली आणि अखेर सर्वांना सारखेच २५ लाख मिळाले. २०२४ मध्ये ब्रिजटाउनला टी-२० विश्वचषक जिंकल्यावर पुन्हा तेच. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, तिथून हार्दिक, बुमराह आणि अर्शदीपने सामना ७ धावांनी काढला; म्हणजे विजय गोलंदाजांनी खेचून आणलेला. मंडळाने १२५ कोटी जाहीर केले. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार द्रविडच्या वाट्याला ५ कोटी होते आणि राठोड, म्हांब्रे, दिलीप यांना प्रत्येकी अडीच. द्रविडनी स्वतःची रक्कम अडीचवर आणली. दोन्ही वेळा आपण द्रविडचं कौतुक केलं. कौतुक रास्तच. पण सहा वर्षांत तीच चूक दुसऱ्यांदा होते आणि दुसऱ्यांदाही एका माणसाच्या मोठेपणाने ती झाकली जाते, याला व्यवस्था म्हणत नाहीत. शिवाय दुसऱ्या वेळी सहायकांचा वाटा वाढला नाही, फक्त मुख्याचा घटला.

अपयशाची वाटणी मात्र उदार असते. २०२४-२५ मध्ये ऑस्ट्रेलियात भारत ३-१ ने हरला. मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर राहिले. एप्रिल २०२५ मध्ये निरोप मिळाला तो मुंबईच्या अभिषेक नायर यांना, सहायक म्हणून येऊन वर्षही झालं नसताना. वड्याचं तेल वांग्यावर काढायला सहायक बरा पडतो, कारण त्याने नेमकं काय केलं हे प्रेक्षकाला माहीतच नसतं. चांगलं केलेलं दिसलं नाही, तसं वाईट केलेलंही सिद्ध करावं लागत नाही.

सहायकाची कीर्ती वाढवा असं माझं मागणं नाही. पडद्यामागे राहण्याचं कौतुकही मला पटत नाही. ते बहुधा पडद्यापुढचे करतात. मागणं साधं आहे. बक्षिसाची वाटणी स्पर्धेआधी ठरवून जाहीर करावी. मुख्य प्रशिक्षक बदलला तर सहायकांचा करार आपोआप संपू नये. म्हांब्रे आणि राठोड विश्वचषक जिंकून द्रविडबरोबरच बाहेर पडले, दिलीप मात्र राहिले, म्हणजे ठेवायचं ठरवलं तर ठेवता येतं. आणि १९८५ पासून दिल्या जाणाऱ्या द्रोणाचार्य पुरस्कारात ‘नियमित’ आणि ‘जीवनगौरव’ हे दोन कप्पे आहेतच, तिथे सहायकांसाठी तिसरा करायला फार तर एक शासन निर्णय लागेल.

म्हांब्रे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई इंडियन्सकडे गेले. तेव्हा तिथे मुख्य प्रशिक्षक होते महेला जयवर्धने, गोलंदाजीसाठी लसिथ मलिंगा आणि म्हांब्रे दोघंही. तिथे बक्षिसाची वाटणी कशी होते ते कोणी जाहीर करत नाही.