वेढा आणि गुंतवणूक

इंग्रजांच्या जुन्या लष्करी कागदांत किल्ला ‘इन्व्हेस्ट’ करतात. म्हणजे त्याला वेढा घालतात, रसद तोडतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कपडे चढवणं. किल्ल्याला चारी बाजूंनी सैन्य नेसवायचं. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसईला घातलेला वेढा असो की जनरल गॉडार्डनं 1780 साली त्याच किल्ल्याला घातलेला, इंग्रजीत दोन्हींना हे क्रियापद चालतं. गॉडार्ड ज्या ईस्ट इंडिया कंपनीसाठी लढला, तिच्या व्यापारी हिशेबांत मात्र ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे इथून जहाजानं न्यायच्या मालाची खरेदी. एकाच कंपनीच्या दप्तरात दोन्ही अर्थ सुखानं नांदत होते.

वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर आमचं खारबाव लागतं. भिवंडीच्या गोदामांच्या या पट्ट्यात आता दुसराच अर्थ ऐकू येतो : जमिनीत इन्व्हेस्ट करा.

मला खटकतं ते व्याकरण. लष्करी वाक्यात किल्ला हे कर्म असतं. कुणाचं काय होतंय ते दिसतं. आजच्या वाक्यात कर्म पैसा, आणि खारबाव सप्तमीत गेलेलं, नुसती जागा. मराठीतली ‘गुंतवणूक’ त्या मानानं प्रामाणिक, तिच्यात कुणीतरी गुंततं. पण कोण?

वेढ्यात जबरदस्ती असते, इथे राजीखुशीचा दस्त होतो, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. भाव मिळतो, मुलांची शिक्षणं होतात, आणि भातशेती परवडत नाही हेही खरंच. पण शेजारच्या दोन्ही खाचरांत भराव पडला, पाण्याची वाट बुजली, की मधल्या शेतात भाताऐवजी तळं होतं. असे दोन पावसाळे गेले की तोही राजीखुशीनं विकतो. त्याच्यावर कुणी चाल केलेली नसते. वेढ्याचं तंत्र हेच तर आहे : दार आतल्यानं उघडावं.

1739 च्या मे महिन्यात वसईचे पोर्तुगीज शरण आले, तेव्हा अटी ठरल्या आणि सैनिकांना शस्त्रांसह बाहेर पडू दिलं गेलं. वेढा आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, म्हणून बोलणी तरी झाली. मधल्या शेतकऱ्यासमोर तसं कुणीच नसतं. एजंट म्हणतो, मी फक्त गिऱ्हाईक आणलं. शेजारी म्हणतो, भराव माझ्या सातबाऱ्यावर टाकला. दोघेही खोटं बोलत नाहीत. पाणी कुठून काढायचं हे मात्र त्याला कुणाला विचारावं तेच कळत नाही.