खुडूक

२५ जुलै २०१९. खिल्झे-रायेनला पारा ४०.७ अंशांवर, नेदरलँड्समधला उच्चांक! आमच्या परसातली कोंबडी त्याच दिवसांत खुडूक बसलेली. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकतच ती अंग निववते. खुराडं सावलीत सरकवलं, पाणी चोचीशी नेलं; बाईसाहेब हलेनात.

आमच्याकडे कोंबडा नाही. म्हणजे एकवीस दिवस बसूनही पिल्लू निघणार नव्हतं. हे मला ठाऊक, तिला नाही. मग अंडी काढून घेणं ही दया की दांडगाई?

काढली. तिला विचारण्याची सोयच नव्हती.

साताऱ्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या आईलाही मी 'तुझ्याच भल्यासाठी' घर सोड म्हणतो. तिला मात्र विचारता येतं. मी आजवर नुसतं सांगत आलो.