रतामाच्या झाडाखालीं

(वाचावें: १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते २१)



कर्मेल डोंगरावरील तो दिवस आपणां सर्वांस ठाऊक आहे. एकीकडे बआलाचे ४५० संदेष्टे आणि दुसरीकडे एकटा एलीया; तरी जय एलीयाचा झाला. दीर्घ अवर्षणानंतर पाऊस पडला, आणि एलीया कमर बांधून अहाब राजाच्या रथापुढें इज्रेलापर्यंत धांवत गेला. परंतु पुढच्याच अध्यायांत तोच मनुष्य ईजबेल राणीच्या धमकीनें पळून जातो, आपल्या चाकरास बैर-शेबा येथें ठेवितो, रानांत एक दिवसाची वाट एकटाच चालतो, आणि रतामाच्या झाडाखालीं बसून देवाजवळ मरण मागतो.

शास्त्रानें ही गोष्ट झांकून ठेविली नाहीं, हा आपणांवर मोठा उपकार आहे. कारण तें झाड आपल्याही वाटेवर आहे. एखादा उपदेशक वीस वर्षें एकाच गांवीं राबतो. आणि आतां रविवारीं त्याच्यासमोर दोन म्हाताऱ्या व चार मुलें एवढींच बसलेलीं असतात. शिकलेले तरुण शहरांत गेले. उरलेल्यांत शेताच्या बांधावरून वैर पडलें. तो प्रार्थनेस बसतो, पण शब्द ओठांवरच राहतात. मग तो म्हणतो, माझ्यांत विश्वासच उरला नाहीं. बंधो, असा निवाडा करण्याची घाई करूं नको. देवानें एलीयाशीं कसें वर्तन केलें तें आधीं पाहा.

पहिली गोष्ट ही कीं, देवानें त्यास दोष दिला नाहीं. त्यास झोंप घेऊं दिली. मग दूतानें त्यास स्पर्श करून उठविलें, तेव्हां उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी होतें. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला, तोही अन्न घेऊनच. उपदेशाचा शब्द अजून निघाला नव्हता! ज्यानें आपणांस मातीचे घडविलें, त्यास मातीचा थकवा कळतो. म्हणून जो खचला आहे त्यानें आधीं पोटभर जेवावें व पुरतें निजावें. खिन्नता पुष्कळ दिवस न हटली तर वैद्याकडे जाण्यांत अविश्वास नाहीं; आणि एलीयाप्रमाणें मरणाचा विचार मनांत आला, तर तो लपवून एकटें राहूं नये, त्याच दिवशीं जवळच्या माणसास सांगावा.

दुसरी गोष्ट, देवानें त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें. चाळीस दिवस चालून तो होरेबास पोहोंचला, तेव्हां तूं येथें काय करितोस, असें देवानें त्यास दोनदां विचारिलें, आणि दोन्हीं वेळां त्यानें तेंच दुःख सांगितलें. दुसऱ्यांदा सांगतांना त्यास कोणीं गप्प केलें नाहीं. वारा, भूमिकंप व अग्नि हीं होऊन गेलीं. पण देव भेटला तो मंद वाणींत. कर्मेलावरील अग्नीची वाट पाहत बसणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी गोष्ट, देवानें त्यास परत पाठविलें, आणि हातीं कामें दिलीं: हजाएल, येहू व अलीशा यांचा अभिषेक. आतां नीट पाहा. एलीया प्रथम अलीशाकडे गेला. तो बारा जोड्यांच्या मागें शेत नांगरीत होता. एलीयानें आपला झगा त्याच्यावर टाकिला. बाकीचीं दोन कामें पुढें अलीशाच्या दिवसांत झालीं. म्हणजे देवानें सर्व ओझें एकट्याच्या खांद्यावर ठेविलें नव्हतें. मी एकटाच उरलों, असें म्हणणाऱ्यास एक सोबती मिळाला, आणि बआलापुढें गुडघे न टेंकलेले ७,००० आहेत हेंही कळलें.

विल्यम केरी यांची गोष्ट अशीच आहे. त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूर येथील त्यांच्या छापखान्यास आग लागली; कागद, नाना लिपींचे खिळे व वर्षानुवर्षांच्या श्रमांचीं हस्तलिखितें एका रात्रींत गेलीं. त्यांतील कांहीं कायमचींच गेलीं. पण राखेंत पोलादी ठसे शाबूत सांपडले. सोबत्यांनीं वितळलेलें धातु गोळा करून नवे खिळे ओतावयास आरंभ केला, आणि केरी पुन्हा लेखणी घेऊन बसले. जें जळालें त्याचा हिशेब करीत ते थांबले नाहींत. जें उरलें त्यापासून त्यांनीं आरंभ केला.

तर हे थकलेल्या सेवका, तुझ्या राखेंत काय उरलें आहे? त्या दोन म्हाताऱ्या आहेत, तीं चार मुलें आहेत. ह्या आठवड्यांत सबंध गांवाचें ओझें उचलूं नको. एका रुसलेल्या घरीं जा. एका मुलास वाचावयास शिकीव. शेजारच्या गांवच्या बंधूस बोलावून त्याच्याबरोबर जेव. आणि मंडळीच्या लोकांनो, तुमचा उपदेशक झाडाखालीं बसलेला दिसला, तर त्यास बोल लावूं नका. त्याच्या उशाशीं भाकर ठेवा. तें दूताचें काम आहे.

वाट अजून लांब आहे, हें देवास ठाऊक आहे. म्हणूनच तो आधीं जेवूं घालितो. आमेन.