सशर्त संसार

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतील एक कलम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटत आलें आहे. जेथें सप्तपदीचा विधि आहे, तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असें तें सांगतें. परंतु जळगांवची किंवा धुळ्याची मुलगी अमेरिकेच्या नागरिकाशीं लग्न करून तिकडे नांदावयास गेली, म्हणजे तिला निराळाच कायदा भेटतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळण्याच्या दिवशीं लग्नास दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील, तर तो परवाना सशर्त असतो आणि त्याची मुदतही दोनच वर्षें. ती संपण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनीं एकत्र अर्ज करून आपलें लग्न खरें आहे, हें सरकारास पटवावयाचें असतें.

यामागील हेतूस आम्ही दोष देत नाहीं. केवळ परवान्यासाठीं लग्न लावावयाचें आणि तो पदरांत पडतांच आपापली वाट धरावयाची, हा प्रकार थांबावा म्हणून १९८६ मध्यें हा निर्बंध आला. आपलें दार राखण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे. पण या चाळणीनें गाळलें काय जातें? सामाईक बँकखातें, घरभाड्याचा करारनामा, आयकराचीं विवरणपत्रें, विम्याचे कागद, मुलांचे जन्मदाखले, स्नेह्यांचीं प्रतिज्ञापत्रें, हे लग्नाच्या खरेपणाचे पुरावे. आमच्या खानदेशांत चाळीस वर्षें सुखानें संसार केलेल्या कित्येक जोडप्यांची यांत पंचाईत होईल. सातबारा आजोबांच्या नांवावर, पासबुक मुलाच्या, आणि घरधनिणीची पुंजी डाळीच्या डब्यांत! उलट ज्यांनीं लबाडीच करावयाचें योजिलें, ते कागद नीटनेटके ठेवण्यांत कसूर करणार नाहींत.

कागदांपेक्षां सहीचा प्रश्न गहन आहे. अर्ज दोघांचा, म्हणून सही दोघांची. कायदा पतीस व पत्नीस सारखाच लागू आहे. तथापि आमच्या समाजांत लग्न करून परदेशीं जाते ती बहुधा मुलगीच. तेथें तिचें माहेर नाहीं, शेजार नाहीं, आणि राहण्याचा हक्क नवऱ्याच्या लेखणीशीं बांधलेला. घरांत शब्दानें शब्द वाढला, तर माघार कोणी घ्यावयाची हें आधींच ठरून जातें.

येथें आम्हांस रखमाबाईंचा खटला आठवतो. लहानपणीं लागलेलें लग्न त्यांनीं नाकारलें. मार्च १८८७ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें एका महिन्यांत नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहींतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. अमेरिकेचा कायदा कोणास नांदावयास लावीत नाहीं, हा भेद मोठाच. परंतु जिला जातां येत नाहीं, तिच्या राहण्यास निष्ठा कसें म्हणावें? लग्नाचा खरेपणा पाहावयास निघालेला कायदा तो खरेपणा ओळखण्याचा मार्गच असा बुजवून टाकतो.

यावर तोड अगदींच नाहीं असें नव्हे. १९९० च्या दुरुस्तीनें मारहाण वा क्रौर्य सोसणाऱ्या जोडीदारास एकट्यानें अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. सद्हेतूनें केलेलें लग्न घटस्फोटानें संपलें असेल, तर तेव्हांही दुसऱ्याच्या सहीवांचून अर्ज करतां येतो. या शेवटच्या सवलतींत एक नीतितत्त्व आहे. लग्न करतांना मन शुद्ध होतें काय, एवढेंच ती विचारते. तें टिकलें कां नाहीं, याचा दोष एकट्या स्त्रीच्या माथीं मारीत नाहीं. आमच्या दिवाणखान्यांत याच्या नेमकें उलट चालतें. मुलगी परत आली, कीं "तुझेंच कांहीं चुकलें असेल" येथून आरंभ, आणि "दोन वर्षें कळ काढावयाची होतीस" येथें शेवट! हा उपदेश वडिलधाऱ्यांच्या तोंडून आम्हीं ऐकला आहे. त्यांत मुलीच्या सुखाचा विचार थोडा आणि चारचौघांतल्या नांवाचा अधिक. शिवाय, मोडलेला संसार केवळ शिक्क्यासाठीं चालता दाखवावा, असें सांगतांना जें कपट थांबविण्यास तो कायदा झाला, त्याच कपटाचे धडे आपण आपल्या लेकीस देतों, हेंही कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

परदेशचें स्थळ आलें, कीं आम्ही पत्रिका पाहतों, पगार विचारतों, गोत्र, मामेकुळ, मुलाचें घर स्वतःचें कीं भाड्याचें, सारें विचारतों. मंगल कार्यालय सहा महिने आधीं ठरतें. परंतु मुलगी तिकडे कोणत्या परवान्यावर राहणार, त्याची मुदत केव्हां संपते, बँकखात्यावर तिचें नांव असेल कीं नाहीं, हा प्रश्न बैठकींत निघाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणी काढलाच, तर वरपक्षास अविश्वास वाटेल म्हणून घरचेच त्याला गप्प करतात. विमानांत बसतांना पोरीच्या पिशवींत लोणच्याची बरणी काळजीपूर्वक बांधलेली असते; विवाह-नोंदणीचा दाखला व तिचें पारपत्र जांवयाच्या पेटींत.